ट्रकच्या चाकाला रंग कोठे द्यावा?



दसरा जवळ आला की कोल्हापुरातल्या पेंटरांना उसंत नसते. खंडेनवमीला अवजारांची, यंत्रांची आणि वाहनांची पूजा होते, आणि त्याआधी प्रत्येक मालकाला आपला ट्रक उजळून हवा असतो. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे भरण्यासाठी उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेतून या दिवसांत एकदा चालत जा आणि फक्त चाकांकडे पाहा. डिस्क तांबडी, हबवर पिवळे फूल, नट एक आड एक पिवळे व तांबडे, आणि डिस्कच्या भोकांतून आत दिसणारा ब्रेकचा ड्रम कोठे काळा तर कोठे चंदेरी.

एकदा अशाच एका ट्रकापाशी मी उभा होतो. पेंटर दोन डबे उघडून बसला होता. मी कॉलेजात शिकवतो हे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, "सर, डायवर म्हणतोय काळा नको. काळ्यानं ड्रम तापतोय, चंदेरी मारला की थंड राहतोय. खरं हाय का?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर देताना पदार्थविज्ञानाची निम्मी पुस्तके उघडावी लागतात. चला, आपण ते क्रमाने शोधू या.

ब्रेक म्हणजे काय?

ट्रकचा ड्रम म्हणजे बिडाचे एक जाड पातेलेच. ते चाकाबरोबर फिरते. त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात आणि त्यांवर लायनर बसवलेले असते. ड्रायव्हरने पेडल दाबले की हवेच्या दाबाने शू फाकतात व लायनर ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर घासू लागते. गाडीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. ब्रेक ऊर्जा नाहीशी करीत नाही. तिचे रूप बदलतो, इतकेच.

ही उष्णता किती असते? कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता मलकापूरच्या पुढे आंबा गावापाशी सह्याद्रीच्या कड्यावर येतो आणि आंबा घाटातून खाली साखरप्याकडे उतरतो. हिशेबासाठी असे समजा की, मालासह १६ टन वजनाचा एक ट्रक अशा एखाद्या घाटात एकसारख्या वेगाने ४०० मीटर खाली उतरला. त्याने गमावलेली स्थितिज ऊर्जा अशी:

१६,००० किलोग्रॅम × १० × ४०० मीटर = ६,४०,००,००० ज्यूल.

सहा कोटी चाळीस लक्ष ज्यूल! एवढ्या उष्णतेत २५ अंश सेल्सिअसचे सुमारे २०० लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे डिझेलच्या मोठ्या बॅरलभर पाणी. काही ऊर्जा टायरांच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जाते. बाकीची कोठेतरी गेलीच पाहिजे.

समजा, ती सगळी चार ड्रमांत गेली आणि तेथेच राहिली. एक ड्रम ४० किलोग्रॅमचा धरला तर चारांचे १६० किलोग्रॅम बीड झाले. एक किलोग्रॅम बिडाचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ५०० ज्यूल लागतात. भागाकार करून पाहा. तापमान ८०० अंशांनी वाढेल! लोखंड ५०० अंशांच्या थोडे पुढे गेले की अंधारात लालसर दिसू लागते. अर्थात प्रत्यक्षात ड्रम इतके तापण्याच्या आत बरीच उष्णता हवेत जाते. पण ती पुरेशा वेगाने जाते का, हाच खरा प्रश्न आहे. कारण ड्रम फार तापला तर लायनरचे घर्षण कमी होते. शिवाय ड्रम प्रसरण पावतो. ४० सेंटिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून अधिक वाढतो, आणि शू त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावे लागतात. ड्रायव्हर पेडल दाबतो आणि गाडी हवी तशी थांबत नाही. घाटात याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

काळा की चंदेरी?

आता पेंटरच्या प्रश्नाकडे येऊ. तापलेली वस्तू तीन मार्गांनी उष्णता सोडते: वहन, अभिसरण आणि प्रारण. रंगाचा संबंध मुख्यतः प्रारणाशी.

१८०४ साली जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने पत्र्याच्या चौकोनी डब्यात गरम पाणी भरले आणि डब्याच्या बाजूंना निरनिराळे लेप दिले. पाणी तेच, तापमान तेच. पण प्रत्येक बाजूने बाहेर पडणारी उष्णता वेगळी! काजळी लावलेल्या बाजूला १०० गुण दिले तर त्याचे निष्कर्ष असे होते: लिहिण्याचा कागद ९८, शेंदूर ८०, घासून चकचकीत केलेले लोखंड १५ आणि कल्हईचा पत्रा १२.

हे आकडे नीट पाहा. काजळी काळी, कागद पांढरा. तरी दोघांत फरक जवळजवळ नाही! शेंदूर भडक नारिंगी, पण तोही फार मागे नाही. मागे पडले ते चकचकीत धातू.

याचे कारण असे. आपला डोळा जो रंग पाहतो तो ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशाचा. ३०० अंशांवरचा ड्रम जे प्रारण सोडतो त्यातले सर्वांत जोरदार प्रारण ५ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे अवरक्त असते. तेथे आपले डोळे आंधळे आहेत. डोळ्यांना पांढरा, पिवळा किंवा तांबडा दिसणारा तेलरंग अवरक्त प्रारणाच्या दृष्टीने जवळजवळ काळाच असतो. चंदेरी रंगाची गोष्ट निराळी. त्यात ॲल्युमिनिअमचे बारीक चपटे कण असतात, आणि ते धातूसारखेच वागतात.

म्हणजे ड्रायव्हरचे म्हणणे उलटे झाले! उन्हात ठेवलेली काळी वस्तू लवकर तापते, हे खरे. पण ड्रम गाडीच्या सावलीत असतो आणि तो उन्हाने तापत नाही, आतून तापतो. आतून तापणाऱ्या वस्तूला उष्णता बाहेर टाकायची असते, आणि तेथे चंदेरी रंग मागे पडतो.

पण थांबा, किती मागे? विज्ञानात 'जास्त' आणि 'कमी' एवढे म्हणून भागत नाही. १८७९ साली जोसेफ स्टेफान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने नियम सांगितला की, प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्या नियमाने हिशेब केला तर ३०० अंशांवरच्या, पाव चौरस मीटर बाह्य पृष्ठभागाच्या ड्रममधून साध्या तेलरंगातून सुमारे १,२५० वॅट आणि चंदेरी रंगातून सुमारे ५५० वॅट उष्णता प्रारणाने बाहेर पडते. फरक ७०० वॅटचा. वाहत्या हवेने आणखी दोनएक हजार वॅट जातात, आणि त्यात रंगाचा संबंध नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आपला ट्रक ४०० मीटर उतरायला २० मिनिटे, म्हणजे १,२०० सेकंद घेतो असे समजा. सहा कोटी चाळीस लक्ष ज्यूलना १,२०० ने भागा: सुमारे ५३,००० वॅट. प्रत्येक ड्रमच्या वाट्याला १३,००० हून अधिक वॅट! ड्रम बाहेर टाकू शकतो तीन-साडेतीन हजार. रंगाने फरक पडतो तो सातशेंचा. म्हणजे आवक तेरा रुपये, खर्च तीन रुपये, आणि रंगाने खर्चात वाढ होते सत्तर पैशांची.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा: कोणताही रंग घाटात ब्रेक वाचवू शकत नाही. ब्रेक वाचवतो तो गिअर. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीत चाके इंजिनाला फिरवतात. हवा दाबण्यात आणि घर्षणात ऊर्जा खर्च होते, व ती उष्णता ब्रेकच्या ड्रमांत न जाता दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. एक्झॉस्ट ब्रेक हेच काम आणखी जोराने करतो. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, असे जुने ड्रायव्हर नव्यांना सांगतात, ते या हिशेबामुळेच.

रंगाची रजई होते का?

काही जण शंका घेतात की, रंगाचा थर रजईसारखा उष्णता अडवीत असेल. हीही गोष्ट मोजता येते. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल तर वरच्याएवढी उष्णता त्यातून जाताना दोन बाजूंच्या तापमानांत फरक पडतो तो फक्त सहा-सात अंशांचा. तीनशेत सहा म्हणजे काहीच नाही. पण जुना रंग न खरवडता दर दसऱ्याला नवा थर चढवीत गेलात आणि जाडी एक मिलिमीटर झाली, तर तोच फरक साठ-पासष्ट अंशांवर जाईल. म्हणून पातळ रंग चालेल, थरावर थर नको.

शिवाय साधा एनॅमल रंग तीनशे अंश सोसतच नाही. तो आधी पिवळा पडतो, मग करपतो आणि पापुद्रे निघतात. ड्रमला बाहेरून रंग द्यायचाच तर उष्णता सोसणारा सिलिकोनयुक्त रंग घ्यावा. हब आणि डिस्क बऱ्याच थंड राहतात. त्यांना साधा रंग पुरतो. तेथे रंगाचे मोठे काम म्हणजे गंजापासून रक्षण.

जेथे ब्रश नेऊ नये

आतापर्यंत आपण रंगाने फारसे बिघडत नाही असे म्हणत आलो. आता जेथे बिघडते तेथे येऊ.

पहिली जागा ड्रमची आतली बाजू आणि लायनर. यांचे कामच घर्षणाचे. तेथे रंगाचा, तेलाचा किंवा ग्रीसचा थेंबही नको. रबराचे होस पाइपही रंगवू नयेत. रंगाखाली पडलेली चीर दिसत नाही.

दुसरी जागा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती मला कशी कळली ते सांगतो. मी शाळेत असताना माझे मामा ट्रक चालवीत. एका दसऱ्यानंतर मी त्यांच्याबरोबर मलकापूरपर्यंत निघालो होतो. चाके खोलून, डिस्क दोन्ही बाजूंनी झकास रंगवून गाडी आदल्याच दिवशी एका गॅरेजातून आली होती. चाळीसएक किलोमीटर गेल्यावर मामांना मागून 'टक्, टक्' असा आवाज आला. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या चाकाचे चार नट हाताने फिरत होते! मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाना काढून त्यांनी नट आवळले आणि मला म्हणाले, "बाळ, ह्या माणसानं नट तर माझ्यासमोर आवळले होते. मग सुटले कसे?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे एम.एस्सी.ला स्थितिस्थापकता शिकताना मिळाले. नट आवळतो तेव्हा स्टड स्प्रिंगसारखा ताणला जातो. तो मूळ लांबीवर येऊ पाहतो, आणि त्या ओढीनेच डिस्क ड्रमवर घट्ट दाबली जाते. हा ताण किती लांबीचा असतो? नट व ड्रम यांमधील स्टडची लांबी ४० मिलिमीटर आणि प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन धरा. पोलादाचा यंग गुणांक दर चौरस मिलिमीटरला २,००,००० न्यूटन. तर स्टडची वाढ:

४० × ४०० ÷ २,००,००० = ०.०८ मिलिमीटर.

एक मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही! सगळे चाक या इवल्याशा ताणावर उभे असते.

आता मागच्या जोडचाकाचा विचार करा. ड्रमचा चेहरा, आतल्या डिस्कच्या दोन बाजू, बाहेरच्या डिस्कच्या दोन बाजू आणि नटाची बैठक असे सहा पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. प्रत्येकावर ०.०५ मिलिमीटर रंग असेल तर एकूण ०.३० मिलिमीटर रंग झाला. रंग पोलादासारखा कठीण नसतो. गाडीच्या हादऱ्यांनी व उष्णतेने तो मऊ होऊन दबतो. त्याचा पाव भाग जरी दबला तरी ०.०७५ मिलिमीटर जागा मोकळी झाली, आणि स्टडचा ताण जवळजवळ संपला! नट एक आटाही न फिरता सैल झाला. त्यानंतर तो फिरू लागतो. मामांसमोर नट खरोखरच आवळले होते; पण ते रंगावर आवळले होते.

म्हणून डिस्क जेथे ड्रमला किंवा दुसऱ्या डिस्कला टेकते तो भाग, आणि नटांच्या बैठका घासून स्वच्छ व कोरड्या ठेवाव्यात. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासावेत. रंग द्यायचा तो चाक बसवून झाल्यावर, जे बाहेर दिसते त्यालाच.

पहारेकरी रंग

रंगाला चांगले कामही देता येते. नट योग्य जोराने आवळल्यावर नटावरून डिस्कवर जाणारी एक सरळ पांढरी रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसेल. मात्र ही रेघ नट फिरल्याचे सांगते, स्टडचा ताण कमी झाल्याचे सांगत नाही. म्हणून तिच्या भरवशावर पाना घरी ठेवू नये. नटाभोवती गंजाचे तांबूस ओघळ दिसले तर तीही सैलपणाची खूण असते. आणि चार हबांपैकी एकाचाच रंग करपला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटून राहतो की काय, ते मेस्त्रीला दाखवावे. असा रंग न बोलणारा तापमापकच होय.

ही रेघ चालत्या गाडीत का दिसत नाही? एक मीटर व्यासाचे चाक ६० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला पाचांहून अधिक फेरे घेते. दहा नट असतील तर एका जागेवरून सेकंदाला पन्नासांहून अधिक नट जातात. दृष्टिसातत्यामुळे एक आड एक पिवळे व तांबडे नट मिसळून केशरी कडे दिसू लागते. डोळ्याला शोभा मिळते, पण खूण हरवते. म्हणून तपासणी उभ्या गाडीचीच करावी.

घरी करून पाहा

(१) एकाच मापाचे तीन चकचकीत पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून काळा तेलरंग द्या, दुसऱ्याला पांढरा, तिसरा तसाच ठेवा. रंग वाळल्यावर तिन्हींत सारखे गरम पाणी घाला. पाणी ओतताना मोठ्यांना जवळ बोलवा. वारा नसलेल्या खोलीत, पुठ्ठ्यावर डबे ठेवून झाकणे लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. आलेख काढा. काळ्या व पांढऱ्या डब्यांचे आलेख जवळजवळ एकावर एक येतील, चकचकीत डबा मागे रेंगाळेल.

(२) भोवऱ्याच्या माथ्यावर पुठ्ठ्याची चकती बसवा. अर्धी पिवळी व अर्धी निळी रंगवा. पिवळा आणि निळा रंग वाटीत कालवला तर हिरवा होतो. चकती फिरवल्यावर हिरवा दिसतो का? दिसत नाही, करडा दिसतो. का, याचा विचार करा.

एक सूचना: ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ फुंकू नका आणि झटकू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, व त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. तसेच शेंदरात शिसे असते, म्हणून तो प्रयोगात वापरू नका.

आता तुमच्यासाठी एक गणित. तोच ट्रक रिकामा, म्हणजे ६ टनांचा असेल, तर त्याच ४०० मीटर उतरणीत मिळणाऱ्या उष्णतेत २५ अंशांचे किती पाणी उकळीला येईल? उत्तर ७६ लिटरच्या आसपास यायला हवे.

पेंटरला मी काय सांगितले? "डिस्क तांबडी करा, नट पिवळे करा, हबवर हवे ते फूल काढा. ड्रमला बाहेरून उष्णता सोसणारा काळा, तोही पातळ. चाक खोलून मात्र आत ब्रश नेऊ नका." तो हसला आणि चंदेरी रंगाच्या डब्याचे झाकण लावू लागला. ड्रायव्हर जवळच उभा होता. तो म्हणाला, "म्हंजे सर, रंग कुठलाबी असू दे, घाटात गिअर सोडायचा न्हाई!"

साऱ्या लेखाचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.